पायांना लागलेली वाळू

पोर्ट मर्सर, नोव्हा स्कोशिया
११ मे १९९७

प्रिय एल्डन,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपल्या घराण्यात पत्र येतं ते एक तर मयताचं, नाहीतर कुणाला तरी काहीतरी हवं असतं म्हणून. हे दुसऱ्या जातीचं आहे.

ईस्टरला फोन केला होता तो तुझ्या लक्षात असेलच. आठ मिनिटांत सात मिनिटं मी बोलले आणि तू अकरा वेळा 'हं' म्हणालास. तुझी आई आतल्या खोलीतल्या फोनवरून ऐकत होती. ठेवल्यावर म्हणाली, "पोरगं बरं आहे. जरा सर्दी झालीय." तुझ्या 'हं'मधून तिला एवढं कळतं. मला कळत नाही, म्हणून हे पत्र. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता नोकरी संपल्यावर स्वतःची लिहायला हरकत नाही.

तर काकूचे, म्हणजे तुझ्या आईचे, डोळे. हॅलिफॅक्सच्या डॉक्टरने सांगितलं ते तुला थोडक्यात सांगते : मधलं दिसणं जवळजवळ गेलंय, कडेकडेचं शिल्लक आहे. हिवाळ्यापर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. काकू म्हणते, चर्चमध्ये त्याचा फायदाच होतो.

वय एक्याऐंशी. दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर आम्हाला रडवलं असतं. हिने डॉक्टरच्या दारातून बाहेर पडल्यावर एकच सांगितलं : "व्हर्ना, या उन्हाळ्यात फेरी करायची."

फेरी आठवते ना? का अल्बर्टात गेलेल्यांना तेही विसरायला लावतात? पौर्णिमा-अमावास्येची मोठी ओहोटी, आपल्या गावच्या छोट्या छोट्या पुळणी, बूट गाडीत. पायांना लागलेली वाळू झटकायची नाही. घरी येऊन दारातल्या परातीत पाय धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी वाळूसकट नेऊन समुद्रात ओतायचं. ओतायचं काम नेहमी माझ्याकडे, कारण मी धाकटी. खरं सांगते, सगळ्या गावात आपल्यालाच येडे म्हणत.

तुझे बाबा, लेस्टरकाका, गेल्यापासून ती फेरीला गेलेली नाही. आता म्हणते, जायचंच, आणि तुझ्याबरोबर. मी तिचे शब्द जसेच्या तसे देते : "एल्डनला लिही, तुझं तोंड पुरतं पुसलं जायच्या आत येऊन जा म्हणावं. लोकांचे कान बघून बघून मी कंटाळले."

ये. चौतीस वर्षांत दोनदा आलास, एकदा माझ्या लग्नाला आणि एकदा बापाच्या मातीला. दोन्ही वेळा दोन दिवस, आणि दोन्ही वेळा चेहरा सारखाच.

तुझी चुलत बहीण,
व्हर्ना वेन्झेल

ता. क. पत्रं मी काकूला मोठ्याने वाचून दाखवते. तेवढ्या बेताने लिही.


फोर्ट मॅकमरी, अल्बर्टा
२ जून

प्रिय व्हर्ना, आणि आई,

पत्र मिळालं. सर्दी नव्हती. म्हणजे होती, थोडी.

इकडे बर्फ गेला आणि डास आले. माझा ट्रक बदलला. नवा दुमजली घराएवढा आहे, शिडी चढून बसावं लागतं. जिच्यातून तेल काढतात ती वाळू खाणीतून गिरणीपर्यंत न्यायची, रिकामं परत यायचं, बारा तास. चौपन्नाव्या वर्षी मुलांचं खेळणं चालवतोय असं वाटतं.

या उन्हाळ्यात यायला जमणार नाही. दोन माणसं सोडून गेली, पाळ्या भरायच्या आहेत. आई, तुझ्यासाठी दिव्याचं भिंग पाठवतोय, इथल्या नर्सने सुचवलं.

फेरी जरूर करा. फक्त मागल्या पुळणीला जाऊ नका. तिथं वाळूचा कण राहिलेला नाही, नुसते धोंडे. आईचा पाय मुरगळायचा.

एल्डन


पोर्ट मर्सर
२४ जून

प्रिय एल्डन,

भिंग पोचलं. काकूने त्यातून मांजराकडे पाहिलं, "अरे बापरे" म्हणाली आणि ते कपाटात ठेवलं. 'आभारी आहे' असं लिहायला सांगितलंय.

तू येत नाहीस हे वाचल्यावर ती म्हणाली, "ठीक आहे, आधी सोप्या पुळणी उरकून घेऊ." म्हणजे तुझ्या नकाराला तिने सहीच दिलेली नाही.

वीस तारखेची पौर्णिमा, दुपारी दोनची ओहोटी. पहिली टॅनरची पुळण. तिथं आता दोऱ्या लावल्यात, कारण चिखल्या पक्ष्यांनी घरटी केलीत आणि जगात ते थोडेच उरलेत. दोऱ्यांशी पहारा करायला टोरांटोहून आलेली एक हौशी बाई, गळ्यात दुर्बीण. काकूला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला ते पिल्लू दिसतंय का? अगदी तुमच्या समोर!" काकू म्हणाली, "समोर असेल तर नाही दिसणार. जरा बाजूला व्हायला सांगा त्याला." मग तिने आपली मान वळवली. हे तिचं नवीन आहे : काही बघायचं असलं की त्याच्याकडे पाठ केल्यासारखी मान फिरवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पकडते. आणि पकडलंन की रे! कापसाच्या बोळ्याएवढं, काडीच्या पायांवर धावणारं पिल्लू. "धावतं काय, थांबतं काय," म्हणाली. "कशाला निघालं तेच विसरत असणार, माझ्यासारखं." दुर्बीणवालीने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग किटली पुळण. तीन गाड्या उभ्या राहिल्या तर भरून जाईल एवढीशी, तोंड निमुळतं. मी तिथं शेकडो वेळा गेलेय, बहुतेक वेळा कुणाबद्दल तरी कुरकुरत. या वेळी काकूने मला गप्प बसायला लावलं आणि म्हणाली, "आता ऐक." लाट तोंडातून आत शिरते, गोल फिरते आणि बाहेर जाताना एक श्वास सोडते. खरोखर किटलीसारखा, उकळी यायच्या आधीचा. इतकी वर्षं मी समजत होते की हे नाव आकारावरून पडलं. एल्डन, बावन्न वर्षांच्या बाईला असं उभ्या उभ्या मूर्ख ठरवणारी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. एरवी हे काम माणसं करतात, आणि त्यांचा राग येतो.

तिसऱ्या दिवशी परटिणीची पुळण आणि शाळेमागची, चौथ्या दिवशी उरलेल्या दोन. शाळेमागच्या वाळूत लाल गारनेटचा चुरा असतो, ओहोटीत जांभळ्या पट्ट्या उमटतात. काकूला पट्ट्या दिसत नाहीत. तिने तळव्याने शोधल्या, "ही जड वाळू, ही हलकी," करत, आणि एकही चुकली नाही. घरी परात, पाय, पाणी. सकाळी ओतायला मीच गेले, अजूनही धाकटी मीच.

आता मुद्द्याचं. नगरपालिकेच्या माहितीपत्रकात अजून 'सात सुंदर पुळणी' छापतात. सहा आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण सातवी त्रेसष्टच्या जानेवारीच्या वादळाने नेली हे छापायचं म्हणजे ते पॅव्हिलियन कशासाठी बांधलं तेही सांगावं लागेल. समुद्रस्नानाला येणाऱ्या पाहुण्यांच्या विश्रांतीसाठी ऐन पुळणीवर एवढी सिमेंटची इमारत उभी केली, फीत कापली, आणि चार महिन्यांत स्नानच गेलं! आता तिथं दर गुरुवारी बिंगो होतो. समुद्राकडच्या खिडक्यांना फळ्या मारल्यात, वाऱ्याने आकडे ऐकू येत नाहीत म्हणून.

आणि काकू म्हणते, सातवी राहिलीय, मागल्या पुळणीला न्या. मी म्हटलं, धोंड्यांत काय करणार? तर म्हणते, "तिथं जायचं की नाही ते एल्डनला विचार." मी विचारतेय. तुला काही कळलं तर मला सांग, कारण मला काहीच कळलेलं नाही.

माझा अंदाज सांगू? तिकडे एखादी बाई आहे, आणि ती मासे खात नाही, म्हणून तू इकडे येत नाहीस.

व्हर्ना


फोर्ट मॅकमरी
६ जुलै

प्रिय व्हर्ना, आणि आई,

बाई नाही. एक होती, ती मासे खायची.

चिखल्याची गोष्ट ट्रकवर सगळ्यांना सांगितली. गारनेटची वाळू मला आठवते. आई, तू ती काचेच्या बशीत ठेवायचीस आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायचीस. पाहुणे बशी मागायचे, तू द्यायची नाहीस.

भिंगाची पेटी कोरड्या जागी ठेवा.

एल्डन

(दुसरा कागद. व्हर्ना, हा वाचून दाखवू नकोस.)

तू विचारलंस म्हणून लिहितो. कुणाला सांगितलेलं नाही.

वादळाने नेली नाही. आम्ही नेली.

बासष्टच्या उन्हाळ्यात पॅव्हिलियनच्या वाळूचं काम बाबांना मिळालं. खाणीची वाळू तीस मैलांवर, आणि पुळण शंभर पावलांवर. कमिटीतला एकही माणूस म्हणाला नाही की ज्या पुळणीसाठी बांधतोय तीच उपसतोय. आम्हीही नाही म्हणालो. ओहोटीला खड्डा करायचा, भरतीने तो भरून यायचा. वाटायचं, ही विहीर आटत नाही. पॅव्हिलियनच्या भिंती झाल्या, मग अग्निशमनची इमारत, मग ज्याचं त्याचं तळघर. ट्रक मी चालवायचो. एकोणीस वर्षांचा होतो, सगळा गाव मला हात करायचा.

आणि रोज संध्याकाळी घरी येऊन परातीत पाय धुवायचो. ती चिमूटभर वाळू तू दुसऱ्या दिवशी परत नेऊन ओतायचीस. आम्ही कुणी हसलो नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सप्टेंबरात खड्डे भरून यायचे थांबले. बाबा म्हणाले, बस, आता एक फावडंही नाही. पूर्वेचा कोपरा त्यांनी ठेवला होता. आई ज्या खडकावर बसायची तो. मग त्यांची पाठ धरली, अंथरुणाला खिळले. कमिटीचा माणूस आला, म्हणाला, पॅव्हिलियनमधल्या नाचाच्या जमिनीला बारा ट्रक कमी पडतायत, तू आता मोठा झालास की. मी दोन दिवसांत बारा ट्रक नेले, त्याच कोपऱ्यातून. बाबांना सांगितलं, खाणीतून आणली.

जानेवारीत वादळ आलं. मागे धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. सकाळी सगळा गाव काठावर, समोर नुसते काळे धोंडे, आणि प्रत्येक लाटेला ते खडखडत होते. कुणीतरी म्हणालं, वादळाने नेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तेही म्हणाले, हो, वादळाने. मरेपर्यंत तेच म्हणाले. मी एप्रिलात निघालो.

त्या धोंड्यांसमोर आईला घेऊन उभं राहणं मला जमणार नाही. तिची नजर जायच्या आधी मी यावं असं तिला वाटतं. मला वाटतं, नजर गेल्यावर आलो तर बरं. आता तुला कळलं मी कसला माणूस आहे. आणि बघ, अजूनही वाळूच उपसतोय.

ए.


पोर्ट मर्सर
२२ जुलै

एल्डन,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. मी! जिला नगरपालिकेच्या सभेत खाली बसवण्यासाठी दोन सभासद लागतात.

क्रमाने सांगते, नाहीतर सांगता येणार नाही.

तुझा पहिला कागद वाचून दाखवला. काकू म्हणाली, "दुसरा?" मी म्हटलं, दुसरा कुठला? म्हणाली, "पाकिटातून काढताना दोनदा सळसळलं. डोळे गेलेत, व्हर्ना, मी नाही गेले." मी म्हटलं, तो माझ्यासाठी आहे. "बरं," म्हणाली, आणि मटार सोलत बसली. निम्मे मटार झाल्यावर म्हणाली, "बारा ट्रक लिहिलेत का त्याने?"

माझ्या हातातलं भांडं पडलं. ते तिला उत्तर म्हणून पुरलं.

"तेरा होते," म्हणाली. "मी माडीच्या खिडकीतून बघत होते. तेराव्याने माझा खडक उघडा पडला. पोराने घाबरून मोजणं सोडलं असेल."

आता तुझ्या आईचं बोलणं जसं आठवतं तसं देते, मधे माझे 'अगं पण'  गाळून. "लेस्टरलाही माहीत होतं. खाणीच्या वाळूत शिंपले नसतात, त्याला काय कळत नव्हतं? आणि गावाला? या गावात कोणाचं तळघर शिंपल्याशिवाय आहे ते दाखव. पाद्र्याच्या भिंतीत आख्खा खेकडा आहे. प्रत्येकाने आपापला ट्रक मागून घेतला होता. वादळ आलं म्हणून सगळ्यांची सुटका झाली. वादळावर काहीही घाला, ते काय उलट उत्तर द्यायला येतंय? सगळा गाव मिळून एक खोटं बोलला, आणि माझं पोर तेवढं एकटं खरं उरावर घेऊन अल्बर्टात जाऊन बसलं."

मी विचारलं, मग तू त्याला कधी सांगितलं का नाहीस? तिने उरलेले मटार सोलून संपवले. मग म्हणाली, "मला वाटलं तो विचारायला येईल. आईला हे वाटणं म्हणजे चूकच. चौतीस वर्षं मी दारात परात ठेवून बसले."

तर हे तुला न सांगता राहवलं नाही. 'वाचून दाखवू नकोस' हे मी पाळलं, तिने न वाचता वाचलं, त्याला मी काय करू?

आता वीस तारीख. पौर्णिमा. तिने सकाळीच टोपी घातली, म्हणाली, सातवी. मी वाद घातला नाही. गाडी पॅव्हिलियनच्या मागे लावली. त्या इमारतीची अवस्था तुला माहीत नसेल. खाऱ्या वाळूचं सिमेंट ते, भिंतींना बारा महिने घाम, आणि मार्चच्या वादळात समुद्राकडची एक भिंत बसलीच. बिंगोवाल्यांनी तिथं ताडपत्री लावली आणि आकडे पुकारणं चालू ठेवलं.

मी काकूच्या बाजूची काच खाली केली. ती म्हणाली, "गाडी बंद कर."

"बंदच आहे."

"मग आवाज कुठाय?"

"कसला?"

"धोंड्यांचा."

एल्डन, मला वाटलं, डोळ्यांपाठोपाठ कानही गेले. त्या धोंड्यांचा आवाज तुला ठाऊक आहे. लाट परतताना हजार बश्या एकदम फुटल्यासारखा, वाऱ्याच्या दिवशी पोस्टाच्या खिडकीपर्यंत यायचा. मी तिला समजवायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं, कारण मलाही ऐकू येत नव्हता. त्या जागी दुसरंच काही होतं. लांब, मऊ. कुणीतरी मोठी चादर अंथरतंय आणि हाताने सारखी करतंय असं.

आम्ही ताडपत्रीच्या कोपऱ्यावरून वळलो.

मी काय पाहिलं ते लिहिते, तू मला वेडी म्हण. वाळू होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पूर्वेच्या खडकापासून ओढ्याच्या मुखापर्यंत, फिकट, ओली, आभाळ दिसेल इतकी सपाट. धोंडा एकही नाही. पाऊल एकही नाही. माणसाचं नाही, कुत्र्याचं नाही. फक्त एका पक्ष्याच्या टाक्यांची रांग, पाण्यापर्यंत गेलेली आणि परत आलेली. चौतीस वर्षं कुठंतरी तळाशी फिरत होती आणि एक दिवस घरी आली. कुणाला बोलावलं नाही, फीत नाही, भाषण नाही.

आणि आमचा गाव! दर गुरुवारी चाळीस माणसं तिच्याकडे पाठ करून बसत होती, फळी मारलेल्या खिडकीआड, आकडे खोडत. शेवंडं पकडणाऱ्या मर्ले टॅनरला विचारलं, तर म्हणतो, "मेपासून दिसतेय की होडीतून. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." विद्यापीठाचा एक तरुण येऊन बघून गेला. म्हणाला, बाहेरचा जुना बंदराचा धक्का मार्चमध्ये फुटला, त्यामुळे प्रवाहाची वाट बदलली. अर्धं मला कळलं, आणि मला वाटतं तेवढंच त्यालाही कळलं होतं. परत जाईल का, विचारलं, तर म्हणाला, "जाऊही शकते." मला त्याचा राग आला नाही. माहितीपत्रक मात्र काही न करता खरं झालं, याचा नगरपालिकेला फार आनंद आहे.

पण ते सगळं नंतर. त्या क्षणी मी काकूचा हात धरून उभी होते. ती म्हणाली, "सांग ना, कशी आहे?" मी म्हटलं, "काकू, सगळी आहे." तिने बूट काढले, मग मोजे, घडी करून बुटात घातले. एक पाऊल ठेवलं, थांबली. दुसरं ठेवलं. मग एक्याऐंशी वर्षांची ती बाई माझा हात सोडून एकटी चालत सरळ खडकापर्यंत गेली, न चाचपडता, आणि बसली. जणू काल उठून गेली होती.

मी मागेच थांबले. मी पाऊल टाकलं असतं तर ते तिथं दिसलं असतं.

घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली : "त्याला लिही, आता मुरगळायला धोंडे नाहीत म्हणावं. दुसरं काही कारण असेल तर कळव."

पुढली पौर्णिमा अठरा ऑगस्ट.

व्हर्ना


फोर्ट मॅकमरी
३० जुलै

व्हर्ना,

सोळाला रात्री हॅलिफॅक्सला उतरतो. बस धरून येईन, न्यायला येऊ नकोस.

तेराव्या ट्रकचं मला खरंच आठवत नव्हतं.

आईला सांग, कारण नाही.

एल्डन


फोर्ट मॅकमरी
९ सप्टेंबर

प्रिय व्हर्ना,

पोचलो. पाळी सुरू झाली.

मी लिहिणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे, पण तू तिथं होतीस आणि तरी मुद्दाम गाडीत बसून राहिलीस, म्हणून तुला सांगणं आहे. आणि हे आईला वाचून दाखव, दोन्ही कागद.

पॅव्हिलियनच्या कोपऱ्याशी माझे पाय थांबले. भिंत पडली तिथं नाचाची जमीन उघडी पडलीय, तू पाहिली असशील. कडेला थर दिसतो. त्यात शिंपल्यांचे तुकडे होते, वरून पांढरे, आतून जांभळे. माझे बारा ट्रक. तेरा. मी ते बोटाने चाचपत उभा राहिलो. आई पुढे गेली होती. तिथूनच ओरडली, "बूट काढलेस का?"

मी खडकापाशी गेलो. वाटेत खाली बघितलं नाही, नुसतं पायाला लागत होतं, गार आणि घट्ट, आणि पाऊल उचललं की मागे पाणी भरत होतं. मी रोज जेवढी वाळू उपसतो त्यात ही सगळी पुळण दोन तासांत भरली असती. तो हिशेब माझ्या डोक्यात आपोआप आला आणि मला लाज वाटली. मग मी मान वर केली. तू लिहिलं होतंस तसंच होतं, पण लिहून कळत नाही. व्हर्ना, ती पुळण माझ्यापेक्षा मोठी आहे. चौतीस वर्षं मी उलटं समजत होतो. मला वाटत होतं मी तिला संपवलं.

मी आईसमोर उभा राहून म्हणालो, "आई, ते ट्रक..."

तिने तोंड फिरवलं. माझ्याकडे पाठच केली म्हण. समुद्राकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, झालं, हेच मला चौतीस वर्षं ठाऊक होतं, याचसाठी येत नव्हतो. मी परत वळणार होतो.

तेव्हा ती म्हणाली, "हलू नकोस. आत्ता कुठं सापडलास."

तू मला लिहिलं होतंस, ती मान फिरवून बघते म्हणून. ऐन वेळी विसरलो. ती बघत होती, व्हर्ना. डोळ्याच्या कोपऱ्यातून. बराच वेळ. मी त्या वाळूवर खांबासारखा उभा. पाणी घोट्यापर्यंत आलं, परत गेलं, परत आलं. मग म्हणाली, "नाक लेस्टरचं झालंय. केस कुठं गेले?" मी म्हटलं, वादळाने नेले. ती इतकी हसली की खडकावरून घसरली.

ट्रकबद्दल पुढे बोलणं झालं नाही. मी परत सुरुवात केली तर म्हणाली, "ते तू व्हर्नाला लिहिलंस ना? मग झालं. मला भूक लागलीय." घरी जाऊन ब्लूबेरी ग्रंट खाल्लं, गोड रसात पिठाचे गोळे, पूर्वीसारखंच. आधी परातीत पाय धुतले. दुसऱ्या दिवशी परात घेऊन मी गेलो. तुला म्हटलं होतं मी ओततो, तू कुरकुरलीस, पण दिलीस.

आता कामाचं. काल कपाटातून गावाला घातलेले बूट काढले. उजव्या बुटात काहीतरी खुपलं. उलटा करून झटकला तर टेबलावर वाळू पडली. एक चमचाभर, कदाचित दीड. मी अनवाणी होतो, परातीत पाय धुतले होते, तरी कशी आली मला माहीत नाही. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. इथं रोज डोंगर हलवतो आणि एका चमच्याने मला घाम फुटला. पुन्हा घेऊन आलो की काय!

टेबल ओल्या फडक्याने न पुसता, पोस्टकार्डाच्या कडेने सगळी गोळा केली. फटीत दोन-तीन कण गेले होते, ते टाचणीने काढले. या पाकिटात दुमडलेल्या कागदात आहे. तू पोस्टात होतीस, सांभाळून उघडशील.

पुढच्या फेरीच्या परातीची वाट बघू नकोस. पाकीट मिळेल त्याच दिवशी जा. पूर्वेच्या कोपऱ्यात, खडकाच्या अलीकडे. आईला बरोबर ने, आणि कागद तिच्या हातात दे. ती ओतेल.

मी नाताळाला येतोय. तोवर पुळण राहते का जाते ते कळव. आणि राहिली असेल तर आईला म्हणावं, या वेळी बूट तिथून निघायच्या आधीच झटकीन.

एल्डन